पत्र तुमचं, उत्तर माझं: बासष्ट ओळी, सगळ्या हिरव्या

प्रश्न: ताई, मी पुण्यात एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. एका नागरी सहकारी बँकेची कोअर बँकिंग प्रणाली, म्हणजे सगळ्या शाखांची खाती चालवणारं मुख्य सॉफ्टवेअर, बदलायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. संचालक मंडळाने गो-लाइव्हची, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू करायची, तारीख आधीच जाहीर केली आहे, १ एप्रिल. आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे काय काय बिघडू शकतं त्याच्या यादीत, ६२ ओळी आहेत आणि दर सोमवारी सगळ्या हिरव्या, म्हणजे ‘धोका आटोक्यात’, असतात. तरी रात्री झोप लागत नाही. मी उगाच घाबरतोय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: उगाच नाही हो. १ एप्रिल वाचून मलाच धडकी भरली. ३१ मार्चला वर्षअखेर, व्याजाच्या नोंदी, ऑडिटर दाराशी, शाखेतला माणूस न माणूस रात्री उशिरापर्यंत अडकलेला. त्याच माणसांकडून तुम्ही त्याच आठवड्यात डेटा तपासून घेणार?

तुमच्या ६२ ओळींतली एक मी न बघता सांगते: ‘क्लायंटकडून माहिती येण्यास उशीर. उपाय: पाठपुरावा.’ बरोबर ना? अशा ओळी उद्या कुणी बोट दाखवलं तर पुढे करायला असतात. आम्हीही ढिगाने लिहिल्या.

२००३ साली मी एका बँकेच्या शाखांचा डेटा हलवत होते. पहिल्या मॉक रनला, म्हणजे डेटा हलवण्याच्या रंगीत तालमीला, शिल्लक पैशापर्यंत जुळली, आम्ही खुशीत चहा मागवला. शाखेतले एक क्लार्क स्क्रीनकडे बघून म्हणाले, “मॅडम, नावांचं असं होणार हे वाटलंच होतं.” जुनी मराठी नावं युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटात टाइप केलेली होती. नव्या प्रणालीत कुलकर्णींच्या जागी कंस, टक्क्याची खूण आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण त्यांना विचारलंच नव्हतं कुणी. आम्ही हेड ऑफिसच्या एसीत बसून रजिस्टर भरत होतो.

तेव्हा येत्या सोमवारी रंग विचारू नका. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. ‘समजा, गो-लाइव्ह फसलं. कशामुळे फसलं?’ नाव लिहायचं नाही. शाखेतले दोन क्लार्क आणि एटीएमचं काम बघणारा मुलगाही बोलवा. तीन-चार चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट निघाली, की तुमची खरी पहिली ओळ सापडली.

आधी तारीख ठरवून मग उलटं मोजत काम बसवण्याचा मोठा दाखला ब्रिटनच्या टीएसबी बँकेचा. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सुमारे ५२ लाख ग्राहक लॉइड्स बँकेच्या जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर हलवले. डेटा नीट गेला, प्रणाली कोसळली. सुमारे १९ लाख लोकांना आपलं खातं उघडेना. पुढे चौकशीत निघालं, की दोन डेटा सेंटरपैकी भाराची चाचणी एकाचीच झाली होती. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ साली ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड बसला.

आता तुमच्या झोपेचं. परतीची वेळ लिहून ठेवलीत का? म्हणजे असं: रविवारी दुपारी ४ पर्यंत ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज) जुळला नाही, तर जुनी प्रणाली पुन्हा सुरू. हे कोण ठरवणार, त्याचं एकाचंच नाव. ‘स्टिअरिंग कमिटी’ नको, रविवारी दुपारी कमिटी फोन उचलत नाही. आणि परत फिरण्याचीही तालीम करा. सोमवारी सकाळी ग्राहकांचे यूपीआय व्यवहार नव्या प्रणालीत पडू लागले, की जुन्या प्रणालीकडे जायची वाट जवळपास बंदच होते.

फेब्रुवारीत साहेब म्हणतील, “आणखी आठ जण देतो.” नम्रपणे नको म्हणा. त्या आठ जणांना शिकवण्यातच तुमची जाणती माणसं अडकतील.

नवी तारीख मात्र आत्ताच मागा, हातात काहीतरी घेऊन. दोन पूर्ण मॉक रन करा, प्रत्येकाला किती तास लागले ते लिहा आणि तो कागद बँकेच्या सीईओंपुढे ठेवा. मे महिन्यातला दुसरा शनिवार सुचवा. बँकेला सुट्टी असते, रविवार जोडून मिळतो, ऑडिटचा ताणही थोडा उतरलेला असतो. चेअरमन साहेबांना समारंभ हवाच असेल, तर १ एप्रिलला एका छोट्या शाखेची चाचणी दाखवून नारळ फोडू द्या, पण ती शाखा वर्षअखेरीचा बोजा कमी असलेली निवडा.

दुसऱ्या मॉक रनला किती तास लागले, ते मला जरूर कळवा.