कॅनिस्टरची वेळ आधी लिही

बाळा, आपण लातूर-नांदेडकडची पोरं काळ्या पाषाणावर वाढलेली. किल्लारीच्या खोल बोअरमध्ये सुमारे 338 मीटर बसाल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग प्राचीन खडक, कोळसा नाहीच. आता तू मध्य प्रदेशात शहडोलला, सोहागपूरच्या कोळशातला वायू मोजायला चाललास, म्हणून लिहितोय.

कोळशातला वायू बहुतेक पाण्याच्या दाबाने आतल्या पृष्ठभागाला चिकटून असतो. गाभा, म्हणजे बोअरमधून कापून काढलेला कोळशाचा दंडगोल, वर ओढला की दाब घटतो आणि वायू सुटू लागतो. म्हणून गाभा उचलल्याची, वर आल्याची आणि कॅनिस्टर, म्हणजे गाभा ठेवायचा हवाबंद डबा, बंद केल्याची वेळ मिनिटासकट लिही. वाटेत निसटलेला वायू मोजता येत नाही. तो सुरुवातीच्या नोंदींवरून, सुटलेला वायू आणि वेळेचं वर्गमूळ यांचा आलेख मागे नेऊन काढतात. कॅनिस्टर पाण्याच्या टाकीत, थराच्या तापमानालाच ठेव. पहिल्या वर्षी मी रात्री टाकीतलं पाणी गार होऊ दिलं आणि अख्खा नमुना वाया गेला, ते अजून सलतं. राख आणि ओलावा तपासल्याशिवाय दोन थरांची तुलना करू नकोस.

वायू भरपूर आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस. त्या दाबाला कोळसा किती वायू धरू शकतो, ते समतापी वक्रावर, म्हणजे एकाच तापमानाला दाबागणिक किती वायू मावतो त्या आलेखावर, बघ. प्रत्यक्षातला वायू फारच कमी असेल, तर दाब उतरून वायू सुटेपर्यंत महिनोन्महिने नुसतं पाणी उपसावं लागतं. कोळशातल्या भेगा मोकळ्या आहेत का, हे थरात पाणी दाबून, मग विहीर बंद करून दाब कसा उतरतो त्यावरून कळतं. माझा सगळ्यात जास्त भर याच चाचणीवर.

आणि दुष्काळ पाहिलेला आहेस तू. उपसलेल्या पाण्यातले क्षार तपासल्याशिवाय ते कुणाच्या ओढ्यात सोडू देऊ नकोस.