चाळीस माणसांचा मसालेभात: पुण्याहून निघण्यापूर्वी

पुण्याहून म्युनिकला आल्यावर येथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात चाळीसएक माणसांचे जेवण रांधता यावे, यासाठी निघण्यापूर्वी काय शिकून घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी कसबा पेठेतून येऊन येथे स्थिरावले आहे आणि अशी जेवणे नेहमी करते, त्यामुळे आग्रहाने सांगते की नवे पदार्थ शिकत बसू नका. मसालेभात, वरण आणि एखादी उसळ मोठ्या पातेल्यात करायला शिका.

मसालेभाताचे घरचे प्रमाण नुसते दहापट करून चालत नाही. सोबत पुरी असेल तर माणशी ७५ ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे ४० जणांना ३ किलो. परंतु मोठ्या पातेल्यातून त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून घरी दुप्पट पाणी घालत असाल तर येथे पावणेदोन पट घालावे आणि थोडे आधण शेजारी उकळत ठेवावे. तिखट व गोडा मसाला आधी हिशेबाच्या पाऊणपटच घालावा. तळाशी जरासे पाणी असतानाच आच बंद करून झाकण घट्ट लावावे, कारण एवढा भात स्वतःच्या उष्णतेनेच पुढे शिजत राहतो. आच चालू राहिली तर खालचा थर करपतो आणि त्याचा वास सगळ्या भाताला लागतो. ही वेळ पाककृती वाचून कळत नाही. आपल्या सोसायटीत किंवा मंडळात महाप्रसाद असेल तेव्हा आचाऱ्यांना विनंती करून दिवसभर त्यांच्या हाताखाली उभे राहा, भाजी चिरून द्या आणि झाकण उघडल्यावर वाफेचा वास कसा बदलत जातो, तिकडे लक्ष ठेवा.

ॲल्युमिनियमची साधी पातेली इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाहीत, तेव्हा ती आणू नका. तुळशीबागेतून लांब दांड्याचा झारा मात्र जरूर घ्या. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई असल्याने तूपही घेऊ नका, येथील बिनमिठाच्या लोण्याचे उत्तम तूप कढते. ताज्या कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

उरलेल्या भाताविषयी विशेष काळजी घ्यावी. शिजवूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढून विष तयार करतात, म्हणून तो पातेल्यात तसाच न ठेवता पसरट ताटांत पातळ पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.