बंद रकान्यातील माहिती कोठे जाते?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासद नोंदणीसाठी मी ऑनलाइन अर्ज तयार केला आहे. ‘पत्रव्यवहाराचा पत्ता कायमच्या पत्त्याप्रमाणेच’ या चेकबॉक्सवर खूण केली की जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी छोटी आज्ञावली, म्हणजेच स्क्रिप्ट) वरचा पत्ता खालच्या रकान्यांत उतरवते आणि कोणी त्यांत फेरफार करू नये म्हणून ते रकाने डिसेबल, म्हणजे बंद, करते. पडद्यावर सारे ठीक दिसते. परंतु अर्ज पाठवल्यावर डेटाबेसमध्ये पत्रव्यवहाराचा पत्ता कोरा असतो. वर्गणी आणि अनामत मिळून होणाऱ्या एकूण रकमेचा रकानाही मी असाच बंद ठेवला आहे आणि तोही कोराच येतो. असे का होते?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपली स्क्रिप्ट सांगितलेले काम बिनचूक करते आहे, या कामासाठी निवडलेला उपाय मात्र योग्य नाही. एचटीएमएल या वेबपानाची रचना लिहिण्याच्या भाषेच्या नियमानुसार डिसेबल केलेला रकाना अर्जासोबत पाठवलाच जात नाही. त्यात मजकूर दिसत असला तरी तो सध्या अर्जाचा भाग नाही असे धरून ब्राउझर त्याची तपासणी करत नाही आणि टॅब कळ दाबत पुढे सरकणाऱ्याला तेथे थांबूही देत नाही.

मजकूर दिसावा, बदलता येऊ नये, पण पाठवला जावा, एवढीच अपेक्षा असेल तर त्यासाठी रीडओन्ली हा गुणधर्म आहे. त्याची मर्यादा अशी की तो मजकूर लिहिण्याच्या चौकटींना लागू पडतो. ड्रॉपडाउन, चेकबॉक्स आणि रेडिओ बटण यांच्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. नाशिक जिल्ह्यातील 15 तालुक्यांची यादी आपण ड्रॉपडाउनमध्ये दिली असेल, तर तेथे हा उपाय चालणार नाही. त्या यादीतील निवड एका लपवलेल्या रकान्यात उतरवून पाठवता येते, पण आमच्या मते त्या खटाटोपाची गरजच नाही. चेकबॉक्सवर खूण असल्याचे दिसताच सर्व्हरनेच (अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकाने) कायमचा पत्ता दुसऱ्या जागी नोंदवावा. त्यात आणखी एक लाभ आहे : खूण केल्यानंतर एखाद्याने वरच्या पत्त्यात दुरुस्ती केली, तर आपल्या आजच्या रचनेत खालची प्रत जुनीच राहील आणि वाचनालयाची पत्रे चुकीच्या घरी जातील. सर्व्हरने नोंद केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

एकूण रकमेबाबत मात्र रीडओन्लीही सुचवणार नाही. ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स (पानाची रचना पाहण्याची आणि बदलण्याची साधने) उघडून कोणालाही बंद रकाना खुला करता येतो आणि रक्कम बदलून अर्ज पाठवता येतो. पडद्यावरची बेरीज सभासदाच्या माहितीपुरती ठेवावी. हिशोबाची बेरीज सर्व्हरवर पुन्हा करावी.

याचा अर्थ डिसेबल करणे टाळावे असा नाही. समजा, घरपोच पुस्तकांची सेवा फक्त महापालिका हद्दीत आहे आणि त्यासाठी नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक या सहा विभागांपैकी एक निवडायचा आहे. सिन्नर किंवा दिंडोरीच्या सभासदाला तो प्रश्न लागूच होत नाही; म्हणून त्याच्या अर्जातून विभागाचा रकाना वगळला जाणे हेच आपल्याला हवे असते. येथे स्क्रिप्टने त्या रकान्याच्या डिसेबल्ड या प्रॉपर्टीला ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ हे मूल्य द्यावे. पुष्कळ जण त्याऐवजी एचटीएमएलच्या टॅगमध्येच डिसेबल्डपुढे ‘फॉल्स’ असा शब्द लिहितात आणि रकाना उघडत का नाही म्हणून तासन्‌तास शोधत बसतात. टॅगमध्ये त्या गुणधर्माचे असणे एवढेच ब्राउझर पाहतो, त्यापुढे काय लिहिले आहे ते पाहत नाही.

अनेक रकाने एकदम बंद करायचे असल्यास ते एका फील्डसेटमध्ये (रकान्यांचा गट करणाऱ्या टॅगमध्ये) घालून तो फील्डसेटच डिसेबल करावा. त्याच्या पहिल्या लेजंडमधील (गटाच्या शीर्षकातील) घटक चालू राहतात, त्यामुळे रकाने उघडण्याचा चेकबॉक्स तेथे ठेवणे सोयीचे ठरते. सुरुवातीची बंद स्थितीही स्क्रिप्टनेच पान उघडताना ठरवावी. ती एचटीएमएलमध्ये लिहून ठेवली आणि काही कारणाने स्क्रिप्ट चाललीच नाही, तर रकाना कायमचा कुलूपबंद राहतो. करड्या अक्षरांतला मजकूर ज्येष्ठ सभासदांना वाचणे कठीण जाते, म्हणून रकाना का बंद आहे हे शेजारी एका ओळीत ठळकपणे लिहावे.

प्रश्न : पाठवण्याचे बटण दोनदा दाबले गेल्याने एकाच व्यक्तीचे दोन अर्ज येतात. क्लिक होताच ते डिसेबल करून पाहिले, तर अर्जच जात नाही. काय करावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : क्लिकची घटना अर्ज पाठवण्याच्या आधी घडते. त्याच क्षणी बटण बंद झाल्यावर ब्राउझर पुढचे काम सोडून देतो. म्हणून बटण अर्जाच्या सबमिट या घटनेत बंद करावे. पाठवायची माहिती त्या घटनेनंतर गोळा होते, त्यामुळे तेथे इतर कोणताही रकाना बंद करू नये. बटणाचे स्वतःचे मूल्य सर्व्हरला हवे असेल तर ते लपवलेल्या रकान्यात ठेवावे. बॅक करून परतलेल्या सभासदाला बटण बंदच दिसू शकते, तेव्हा ते पान पुन्हा दिसताना घडणाऱ्या पेजशो या घटनेत पुन्हा उघडावे. दुहेरी नोंद खात्रीने टाळण्यासाठी पान देतानाच सर्व्हरने प्रत्येक अर्जाला एक स्वतंत्र सांकेतिक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास तो अर्ज नोंदवू नये.