वाचकांचे प्रश्न : ड्रॉइंगमधील मापांचे आकडे

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील एका मशिनिंग वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन आहे. ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या प्रणालीत माप टाकले की १२.५ ऐवजी १२,५ असे स्वल्पविरामासह उमटते. गेल्या महिन्यात आमच्याच शॉपमध्ये ३०० मिलीमीटर लांबीच्या पट्टीवर कडेपासून १२.५ वर घ्यायचे छिद्र १२५ वर पडले आणि जॉब भंगारात गेला. ‘युनिट्स’ या कमांडमध्ये जाऊन बदल करून पाहिला, पण मापे तशीच राहिली. शिवाय आमच्या एका ग्राहकाला सर्व मापे दोन दशांश स्थळांपर्यंत हवी आहेत. हे नेमके कोठे बदलावे?

उत्तर : मशीनवरचा कारागीर चुकला असे म्हणण्याआधी त्याच्या हातातील कागद पाहावा. ए२ आकाराचे ड्रॉइंग बहुतेक ठिकाणी ए४ वर छापून शॉपमध्ये दिले जाते, म्हणजे ते बरोबर निम्मे होते. २.५ मिलीमीटर उंचीचा आकडा त्यामुळे सव्वा मिलीमीटरचा उरतो. अशा आकड्यांमधला स्वल्पविराम तेलकट बोटाखाली पुसट व्हायला वेळ लागत नाही, आणि तो दिसला तरी आपल्याकडे स्वल्पविराम हजार आणि लाख वेगळे दाखवण्यासाठी वापरतात, दशांशासाठी नव्हे. ३०० च्या पट्टीवर १२५ हे अंतर अगदी शक्य कोटीतले असल्याने कोणाला शंकाही आली नसावी. उद्यमबागेत किंवा बेळगावजवळच्या मच्छ्यात एकाच मशीनवर सकाळी मराठी बोलणारा आणि रात्रपाळीला कन्नड बोलणारा कारागीर उभा असतो. दोघांनाही विचारपूस न करता वाचता येईल अशी कागदावरची एकच गोष्ट म्हणजे आकडा, म्हणून तो संशयाला जागा न ठेवणारा असावा, असा माझा आग्रह आहे.

स्वल्पविराम येण्याचे कारण साधे आहे. मेट्रिक टेम्पलेटमध्ये, म्हणजे नवे ड्रॉइंग ज्यावरून सुरू होते त्या तयार फाइलमध्ये, ‘आयएसओ-२५’ नावाची डायमेन्शन स्टाइल (मापे कशी दिसावीत हे ठरवणारा संच) आधीपासून असते आणि युरोपातील बऱ्याच देशांच्या पद्धतीप्रमाणे तिच्यात दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम ठेवलेला असतो. ‘युनिट्स’ कमांडने केवळ पडद्यावर दिसणारे कोऑर्डिनेट आणि अंतरे यांचे स्वरूप बदलते, ड्रॉइंगमधील मापे तिचे ऐकत नाहीत. त्यासाठी ‘डिमस्टाइल’ कमांड द्यावी, वापरातील स्टाइल निवडून ‘मॉडिफाय’ दाबावे आणि ‘प्रायमरी युनिट्स’ या पानावर ‘डेसिमल सेपरेटर’ समोर टिंब निवडावे. त्याच पानावर ‘झीरो सप्रेशन’ (शून्ये लपवणे) खाली ‘ट्रेलिंग’ म्हणजे शेवटच्या शून्यांसमोरची खूण काढून टाकली आणि ‘प्रिसिजन’ दोन स्थळांची ठेवली, की १२.५ चे १२.५० आणि २५ चे २५.०० होईल. मिलीमीटरच्या ड्रॉइंगवर ‘लीडिंग’ची खूण मात्र कधीही करू नये. ०.५ मधील आधीचे शून्य गेले आणि छपाईत टिंबही गेले, तर कागदावर नुसता पाच उरतो.

ग्राहकाने मागितले म्हणून आपण दोन स्थळे जरूर द्यावीत, परंतु त्याआधी ती कशासाठी हवी आहेत हे त्याला विचारावे. मिलीमीटरमधील ड्रॉइंगवर शेवटची शून्ये सहसा लिहीत नाहीत, आणि २५.०० लिहिल्याने माप अधिक काटेकोर ठरत नाही, कारण काटेकोरपणा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, ठरवतो. अमेरिकेच्या पद्धतीने केलेल्या इंचांतील ड्रॉइंगची गोष्ट वेगळी आहे. तेथे टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील माहितीच्या चौकटीत) दोन स्थळांच्या मापाला एक आणि तीन स्थळांच्या मापाला दुसरी, अधिक घट्ट टॉलरन्स अनेकदा दिलेली असते, त्यामुळे .५० आणि .५०० ही दोन निरनिराळी मापे ठरतात. अशा ड्रॉइंगवर सर्वत्र एकच प्रिसिजन लावणे म्हणजे डिझायनरने दिलेली सूचना पुसून टाकणे होय. त्यासाठी दोन स्वतंत्र स्टाइल ठेवाव्यात.

टॉलरन्सचे आकडे वेगळ्या पानावर असतात आणि त्यांची प्रिसिजनही वेगळी असते, याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. २५ एच७ च्या, म्हणजे २५ मिलीमीटर व्यासाच्या आणि एच७ या प्रमाणित टॉलरन्सच्या, छिद्राला वरची मर्यादा ०.०२१ आणि खालची शून्य असते. प्रिसिजन दोन स्थळांवर राहिली, तर कागदावर ०.०२ एवढेच दिसते आणि २५.०२१ चा निर्दोष जॉब तपासणीत नापास होतो. मुख्य मापाच्या प्रिसिजनमध्येही असाच धोका आहे. अर्ध्या इंचाची जाडी १२.७ मिलीमीटर असते, प्रिसिजन शून्यावर असेल तर तीच १३ म्हणून छापली जाते. सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्राम ड्रॉइंगच्या रेषांवरून बनवला असेल तर मशीन १२.७ कापते आणि तपासनीस व्हर्नियर घेऊन १३ शोधत बसतो. मापे जवळच्या आकड्यावर नेणारा ‘राउंड ऑफ’चा रकानाही म्हणून शून्यावर, म्हणजे बंद, आहे ना, हे पाहून घ्यावे.

स्टाइल बदलल्यावरही काही मापे जुनीच दिसली, तर त्यांच्यावर कोणीतरी वेगळा बदल लादलेला आहे असे समजावे. ‘अ‍ॅनोटेट’ पट्टीवरील ‘अपडेट’ घेऊन ती मापे निवडली की ती चालू स्टाइलप्रमाणे होतात. त्यानंतरही आकडा हलला नाही, तर तो हाताने टाइप केलेला असतो. हा प्रकार मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण पुढे रेषा लांबवली तरी तो आकडा जागचा हलत नाही. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’चा रकाना रिकामा करावा, म्हणजे खरे माप परत येते. सगळे नीट जमल्यावर ती फाइल टेम्पलेट म्हणून जतन करावी.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात घरांचे नकाशे काढतो. नकाशा मिलीमीटरमध्ये काढतो, पण घरमालकांना फूट-इंच हवे असतात. मापांसाठी ‘आर्किटेक्चरल’ हे फूट-इंचांचे स्वरूप निवडले तर ३००० ची खोली २५० फूट दाखवते.

उत्तर : आर्किटेक्चरल स्वरूपात एक एकक म्हणजे एक इंच धरला जातो, आणि ३००० इंच म्हणजे २५० फूट होतात. ‘प्रायमरी युनिट्स’च्या पानावर ‘स्केल फॅक्टर’मध्ये ०.०३९३७००७८७ घालावे, म्हणजे मिलीमीटरचे इंच होतील आणि खोली ९ फूट १० इंचांच्या आसपास दिसेल. आकडा ०.०४ असा तोडू नये, नाहीतर हीच खोली १० फुटांची दिसू लागेल. तेथेच ‘इंचेस’समोरची झीरो सप्रेशनची खूण काढून टाकावी. नुसते १० फूट लिहिलेले पाहून गवंडी पुढचे इंच लिहायचे राहिले असावेत असे समजून थांबतो, १० फूट ० इंच लिहिले की काम पुढे जाते.