नऊ नंबरचा शर्ट कुणाला द्यायचा?

फुटबॉलच्या आशिया कपच्या पात्रता फेरीतून आपण बाहेर पडलो, त्याचा राग या वेळच्या टपालात ओसंडून वाहतोय. बांगलादेशाशी 0-0, हाँगकाँगकडून 0-1, सिंगापूरशी 1-1, मग गोव्यातल्या फातोर्ड्यात त्यांच्याकडूनच 1-2 आणि ढाक्यात पुन्हा 0-1. पहिल्या पाच सामन्यांत दोन गोल. बहुतेक पत्रांत एकच सवाल आहे: आपल्याकडे गोल मारणारा माणूस का नाही? मी कोल्हापुरात पेठेच्या संघातून सेंटर फॉरवर्ड, म्हणजे नऊ नंबरच्या शर्टातला गोल मारणारा, म्हणून खेळलो आणि गेली 22 वर्षं पोरांना शिकवतोय. या प्रश्नानं मलाही झोप लागत नाही, म्हणून या महिन्यात दुसरा विषय घेतलेला नाही.

सुनील छेत्रीनं जून 2024 मध्ये निवृत्ती घेतली आणि नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावं लागलं. एवढ्या मोठ्या देशात दुसरा स्ट्रायकर नाही? त्याचं परत येणं बरोबर होतं की चूक? (एक वाचक, पुणे)

छेत्रीला मी दोष देणार नाही. देशानं हाक मारली, तो आला. आणि हाक मारणाऱ्या प्रशिक्षकाकडे कारण होतं. त्या 2024-25 च्या आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, हंगामात छेत्रीनं 14 गोल मारले होते. वय 40, तरी त्याच्या जवळपास एकही भारतीय खेळाडू नव्हता. निव्वळ फॉर्मवर निवड करायची तर पहिलं नाव त्याचंच लिहावं लागलं असतं.

शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध तो परतला, तो गोल मिळाला तर पुन्हा बघा. लिस्टन कुलासोनं कडेवरून मारलेला क्रॉस आणि छेत्रीचं हेड. देशासाठी 95 वा गोल. छेत्रीची उंची जेमतेम पाच फूट सात इंच. त्याच्याहून हातभर उंच बचावपटूंच्या डोक्यावरून हा माणूस वीस वर्षं हेड मारत आला, कारण तो उडी मारण्याआधीच अर्धं काम उरकून ठेवतो. चेंडू विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, असताना तो बचावपटूच्या पाठीमागे, नजरेआड उभा असतो. क्रॉस मारणाऱ्याची मान खाली गेली की दोन पावलं बाहेरच्या बाजूला टाकतो. बचावपटू त्या बाजूला झुकला की त्याच्या पुढून आत घुसतो. ही दोन पावलं टीव्हीवर दिसत नाहीत, कारण कॅमेरा तेव्हा चेंडूवर असतो.

तरीही संघाच्या दृष्टीनं त्याला बोलावणं चूक होतं, असं माझं ठाम मत आहे. परत आल्यानंतर मालदीवविरुद्धचा तो एकच गोल. पात्रता फेरीत एकही नाही. ती मिनिटं इरफान याडवाडसारख्या तरुण स्ट्रायकरला मिळाली असती तर त्यानंही कदाचित मारला नसता. पण आज त्याच्या गाठीला पाच सामन्यांचा अनुभव असता.

इथं एक फरक सांगतो. फॉर्म वेगळा आणि वकूब वेगळा. फॉर्म म्हणजे गेल्या चार-सहा सामन्यांत काय दिसलं. वकूब म्हणजे हा पोरगा पुढं उभा राहिला की बाकीच्या दहा जणांच्या खेळात काय बदलतं. फॉरवर्ड मनवीर सिंगवर तुम्ही लोक कायम तुटून पडता. त्याचे गोल कमी आहेत, मान्य. पण नोव्हेंबर 2023 मध्ये कुवेतला त्यांच्याच घरी आपण 1-0 हरवलं, तो गोल मनवीरचा होता, विंगर लालियानझुआला छांगटेच्या क्रॉसवर. आणि त्या गोलाच्या आधी तासभर तो काय करत होता? पाठीवर बचावपटू घेऊन लांबून आलेला चेंडू छातीवर झेलायचा, दाबून धरायचा, तोवर आपली मधली फळी वीस पावलं वर यायची. हे काम करणारा पुढं नसला की चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो आणि आपला बचाव श्वास न घेता पळत राहतो. त्यानंतर आपण जवळजवळ सोळा महिने एकही सामना जिंकलो नाही. आशिया कपला कतारमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध तीन सामन्यांत आपला एक गोल नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हाँगकाँगच्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियानला गोलपोस्टसमोर सोन्यासारखी संधी मिळाली आणि त्यानं चेंडू बाहेर मारला. शेवटच्या क्षणी पेनल्टीवर आपण हरलो आणि देशभर आशिकच्या नावानं खडे फोडले गेले. पण आशिक मुळात विंगर. क्लबकडून तर तो लेफ्ट बॅकसुद्धा खेळलाय. जिथं तो वर्षभर उभा राहत नाही त्या जागी आपण त्याला उभा केला आणि म्हणालो, मार.

असं का करावं लागतं? आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात आणि त्यातला एक तरी जवळजवळ प्रत्येक क्लब नऊ नंबरवर खर्च करतो. 2024-25 चा सर्वाधिक गोलांचा मान नॉर्थईस्ट क्लबच्या मोरोक्कन अलाएद्दीन अजाराईचा, 23 गोल. मोहन बागानमध्ये त्याच हंगामात मध्यभागी ऑस्ट्रेलियाचा जेमी मॅक्लारेन, उजवीकडे मनवीर, डावीकडे लिस्टन. खुद्द छेत्रीनं 2017-18 मध्ये बेंगळुरूकडून 14 गोल मारले ते बरेचसे डावीकडून आत येत, कारण मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू होता. त्यानं 15 मारले. मग राष्ट्रीय संघाच्या शिबिरात प्रशिक्षकासमोर उभे राहतात ते सगळे विंगर. दहा दिवसांत त्यांतून सेंटर फॉरवर्ड कसा घडवायचा?

क्लबांना मी खलनायक ठरवणार नाही. तीन सामने हरले की प्रशिक्षकाची नोकरी जाते. आमच्याकडे पेठांच्या संघांतही आफ्रिकेतले खेळाडू येतात, गॅलरी त्यांच्यावर जीव टाकते आणि ते येऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण त्या हंगामात पेठेतला फॉरवर्ड बाकावर बसतो, हेही मी रोज बघतो. देशात वरपासून खालपर्यंत एखादी तरी मोठी स्पर्धा अशी हवी, जिथं नऊ नंबर भारतीयच असेल.

फातोर्ड्याला मी स्टेडियममध्ये होतो. छांगटेनं लांबून मारलेला गोल डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यालाच सेंटर फॉरवर्ड का करत नाहीत? (एक वाचक, मडगाव)

कारण तो गोल त्याला लांबून मारता आला. छांगटेला समोर मोकळी जागा आणि पळायला पंधरा-वीस यार्ड हवेत. मध्यभागी उभं केलं तर दोन सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, कात्रीत पाठ करून खेळावं लागेल आणि त्याचं सगळ्यात मोठं हत्यार, त्याचा वेग, म्यानात राहील. तो विंगवरच हवा.

तुमच्या गोव्याचं मात्र मला खरंच कौतुक वाटतं. इरफान तुमचा, ब्रायसन फर्नांडिस तुमचा. ब्रायसन स्ट्रायकर नाही, पण डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, उशिरा, कुणाचं लक्ष नसताना पोहोचतो. ही नजर फार थोड्यांना असते.

आमचे आजोबा म्हणायचे, पूर्वी आपले फॉरवर्ड जगात भारी होते. हे खरं की म्हाताऱ्यांच्या गप्पा? (एक विद्यार्थी, सातारा)

खरं आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं आणि नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. नेव्हिल जन्मानं गोव्याचा, खेळला मुंबईत. स्पर्धेत चार गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत तो एक. आपला संघ चौथा आला.

आणि 1962 च्या जाकार्ता आशियाई खेळांची गोष्ट आजोबांनी सांगितली नसेल तर मी सांगतो. जर्नेल सिंग आपला सेंटर बॅक. डोक्याला जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बसवण्याऐवजी सेंटर फॉरवर्ड केला. उपांत्य सामन्यात त्यानं गोल मारला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध संघाचा दुसरा गोलही त्याचाच. पहिला पी. के. बॅनर्जींचा. 2-1, सुवर्णपदक. चुनी गोस्वामी, बलराम, पी. के. हे तिघं त्याच संघात. पण लक्षात घे, तेव्हा या तिघांना क्लबात आपापल्या जागी खेळायला मिळत होतं. गुणवत्ता तेव्हा होती आणि आता नाही, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

बेंगळुरूच्या रायन विल्यम्सनं भारतीय नागरिकत्व घेतलं. आम्हा परदेशात राहणाऱ्यांची मुलंही चांगली खेळतात. त्यांना घेतलं तर स्ट्रायकरचा प्रश्न सुटेल ना? (एक वाचक, दुबई)

रायनचं मी मनापासून स्वागत केलं. पर्थमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला माणूस तिथला पासपोर्ट सोडून आपल्याकडे येतो, ही साधी गोष्ट नाही. त्याची आई मुंबईची आणि आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर राष्ट्रीय संघात खेळता येत नाही. त्यामुळे तुमच्या दुबईतल्या पोराकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याला आजही कुणी अडवू शकत नाही. त्याला इथल्या चाचण्यांना घेऊन या. पण हा माझ्या मते आधार झाला, इलाज नाही. रायनही मुळात विंगवरचा खेळाडू आहे.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. पुढं खेळायचा. गेल्या महिन्यात दोन सोपे गोल चुकले म्हणून त्याला बॅकला घातलं. तो घरी येऊन बोलत नाही. त्याला समजवू की दुसरीकडे घालू? (एक आई, इचलकरंजी)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी 17 वर्षांचा होतो. एका स्थानिक स्पर्धेच्या फायनलला उजवीकडून सरपटत पास आला, गोलकीपर पडलेला, समोर रिकामा गोल. मैदान खडबडीत होतं, चेंडू शेवटच्या क्षणी उसळला, गुडघ्याला लागून बारवरून गेला. आम्ही हरलो. पुढच्या सामन्याला मॅनेजरांनी मला लेफ्ट बॅकचा शर्ट दिला. तीन वर्षं मी तिथं खेळलो. परत पुढं आलो तेव्हा डीमध्ये चेंडू आला की पाय थरथरायचा. चूक झाली त्याच जागी लगेच पुढच्या रविवारी उभा राहिलो असतो तर ती भीती एका आठवड्यात गेली असती.

म्हणून आधी प्रशिक्षकांना भेटा. भांडायला जाऊ नका. एवढंच विचारा, "सर, त्याला महिन्यातून दोन सामने तरी पुढं द्याल का?" बॅकला खेळून त्याचं नुकसान होणार नाही, बचावपटू कुठं बघतो ते त्याला कळेल. पण फक्त बॅकलाच ठेवणार असतील, तर मात्र दुसरं मैदान बघा.

घरचा अभ्यास सांगतो. भिंतीवर खडूनं गोलपोस्ट काढा आणि दोन्ही खांबांच्या आत हातभर रुंदीचा पट्टा आखा. त्यानं त्या पट्ट्यातच मारायचं. या वयाची पोरं गोलकीपरकडे बघत मारतात, म्हणून चेंडू गोलकीपरच्या अंगावर जातो. पावलाच्या आतल्या बाजूनं, घोटा घट्ट धरून, चेंडू न थांबवता. रोज चाळीस उजव्या पायानं, चाळीस डाव्या. कंटाळला तर वीस-वीस.

दुसरं, त्याला पास द्यायला तुम्ही उभ्या राहा. फुटबॉल येत नसला तरी चालेल, हातानं सरपटत टाका. घरातलं दुसरं कुणीतरी त्याच्या पाठीमागे उभं करा आणि तुमच्या हातून चेंडू सुटायच्या आत त्यानं बोटं वर करायची, दोन, चार, कितीही. तुमच्या मुलानं मान वळवून बोटं मोजायची, मोठ्यानं आकडा सांगायचा आणि मग चेंडू घ्यायचा. पहिले दोन दिवस त्याच्याकडून चेंडू निसटेल. आठवड्यानं मान आपोआप फिरायला लागेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फॉरवर्डची सुरुवात मी याच खेळानं करतो.

आणि त्या दोन चुकलेल्या गोलांबद्दल त्याला एकच विचारा. त्या दोन्ही वेळी तू तिथं पोहोचलास कसा? तो सांगायला लागेल. मध्ये बोलू नका, सगळं ऐकून घ्या. मग मला पुन्हा पत्र लिहा, तो काय म्हणाला ते मला वाचायचं आहे.