आयर्लंडच्या गावनावांच्या मागे लागताय? मग एवढं आधी करा

गावांच्या नावांचे अर्थ आणि त्यामागच्या लोककथा शोधायचा छान छंद धरलात! सुरुवातीला सगळा देश अंगावर घेऊ नका. एकच 'टाउनलँड' निवडा, म्हणजे आपल्याकडच्या शिवारासारखा जमिनीचा छोटा तुकडा. असे आयर्लंडच्या सगळ्या बेटावर साठ हजारांहून जास्त आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ लावणं. 1824 नंतरच्या ऑर्डनन्स सर्व्हेत, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या नकाशांसाठीच्या मोजणीत, आयरिश नावं इंग्रजी कानांनी लिहिली गेली, त्यात मूळ रूपं झाकली गेली. 'किलमोर'च घ्या. कुठे ते मोठं चर्च असतं, कुठे मोठं रान, कारण 'किल'मागे दोन वेगळे आयरिश शब्द दडलेले असतात. म्हणून आधी 'लोगानिम' या सरकारी डेटाबेसात आयरिश रूप बघा.

मग कथा. 1937 ते 1939 दरम्यान शाळकरी पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या आठवणी 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. हा खजिना आहे, सोडू नका!

आणखी दोन गोष्टी:
- नाव आणि कथा वेगवेगळ्या वह्यांत ठेवा. लॉख नेय हे नाव एओखी नावाच्या माणसावरून आलं; पण लोक सांगतात की फिन मकूल या वीराने मूठभर माती उपटून फेकली, त्या खड्ड्यात हे सरोवर झालं. दोन्ही नोंदवा, एकाने दुसरं खोडू नका.
- 'लिस'ने सुरू होणाऱ्या नावाजवळ बहुधा मातीचा जुना गोल कोट असतो. लोक त्याला परीलोकांची जागा मानतात. शेतमालकाला विचारूनच आत जा आणि तिथलं काही तोडू नका.

जुन्या आयरिशचं व्याकरण सध्या राहू द्या. तुमचा टाउनलँड कोणता, ते कळवा.