तोंडी परीक्षेत ‘माहीत नाही’ म्हटलं तर?

“मॅडम, लेखीत चांगले मार्क पडले. विमान एकट्याने उडवून आलोय. पण परीक्षक समोर बसून विचारणार म्हटलं की घशाला कोरड पडते.”

माझ्याकडे ही भीती घेऊन आलेले हे गृहस्थ टेक्ससमध्ये नोकरी करतात आणि तिथेच खाजगी वैमानिकाच्या परवान्याची तयारी करत होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अमेरिकेत या परीक्षेत आधी तोंडी आणि मग उड्डाण. तोंडीत नापास झालात तर त्या दिवशी विमानापर्यंत पोचणं अवघडच. परदेशात उड्डाण शिकणारे इतरही हीच काळजी घेऊन येतात, म्हणून लिहितेय.

दोन-तीन भेटींत लक्षात आलं की भीती विमानाची नव्हतीच. इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांना सगळ्यांदेखत “एवढंही येत नाही?” म्हणून उठवलं होतं. तेव्हापासून प्रश्न आला की काहीतरी ठोकून द्यायचं, पण गप्प बसायचं नाही, ही सवय जडली. आणि वैमानिकाच्या तोंडी परीक्षेत नेमकी हीच सवय महागात पडते.

आधी त्यांना ‘एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स’, म्हणजे या परीक्षेचे ठरलेले निकष, नीट वाचायला लावले. एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) हा दस्तऐवज फुकट मिळतो. परीक्षकही त्याच्याच चौकटीत विचारतात, मनाला येईल ते नाही. प्रत्येक विषयाखाली ज्ञान, जोखमीचा विचार आणि कौशल्य असे तीन भाग असतात. आपल्याकडे ज्ञानाचाच भाग घोकला जातो. जोखमीच्या भागाला घोकंपट्टी पुरत नाही, तिथे बोलून दाखवावं लागतं.

म्हणून सराव मोठ्याने. मला विमानातलं कळत नाही, हेच इथे कामाला आलं. त्यांच्या प्रशिक्षकांनी दिलेला एक प्रसंग मी वाचून दाखवला: दिवसाचं उड्डाण आहे, निघण्यापूर्वी लँडिंग लाइट लागत नाही. जाल का?

“हो, जाईन.” उत्तर तडक आलं.

“कशावरून?”

बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “थांबा, पुस्तक उघडतो.” नियम 91.205 काढला, दिवसाच्या उड्डाणाला लागणाऱ्या उपकरणांच्या यादीत लँडिंग लाइट नाही. मग त्या विमानाची स्वतःची उपकरणयादी आणि उड्डाणयोग्यतेचे आदेश पाहायचे. तिथेही आडकाठी नसेल, तर 91.213 प्रमाणे दिवा काढायचा किंवा निष्क्रिय करायचा आणि ‘चालू नाही’ अशी चिठ्ठी लावायची. पहिलं उत्तरही ‘जाईन’ आणि शेवटचंही ‘जाईन’च, पण पहिल्याला आधार नव्हता. परीक्षकाला तो आधारच ऐकायचा असतो.

“नक्की आठवत नाही, पण अमुक ठिकाणी मिळेल, बघून सांगू का?” हे वाक्य त्यांच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की त्यातली लाज निघून गेली. अर्थात प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडून चालत नाही. इंजिन बंद पडलं तर पहिलं काय कराल, हे तोंडावरच हवं. दिवसा निदान 30 मिनिटांचं राखीव इंधन, रात्री 45, हेही.

एक सूचना मी कळकळीने करते: धडधड थांबावी म्हणून मनाने कुठलीही गोळी घेऊ नका. साध्या सर्दीच्या आणि झोपेच्या कित्येक गोळ्याही वैमानिकाला उड्डाणापूर्वी चालत नाहीत. आधी विमानवैद्यकीय तपासनिसाला विचारा.

परीक्षेत हवाई क्षेत्राच्या एका प्रश्नावर ते अडलेच. ते वाक्य म्हणाले, तक्त्यात शोधून उत्तर दिलं, परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले. तोंडी झाली, पण दुपारी वारा इतका वाढला की त्यांनी स्वतःच सांगितलं, “आज मी उडणार नाही.” परीक्षकांनी परीक्षा थांबवल्याचं पत्र दिलं. अशा पत्रावर पूर्ण झालेला भाग 60 दिवस ग्राह्य राहतो. पुढच्याच आठवड्यात उड्डाणही पार पडलं.